बाळंतिणीचा पडदा

कोथरूड
३ फेब्रुवारी १९८६

श्रीमती हमीदाबाई अत्तार यांस,
श्रीनिवास मेहेंदळे याचा न. वि. वि.

गेल्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेत आपण माझ्या पाण्याच्या टाकीविषयी जे उद्गार काढलेत, तेव्हापासून आपल्या दोन घरांत बोलणं बंद आहे. ते बंदच ठेवण्याचा माझा विचार आहे. म्हणून हे लेखी, आणि टपालाने.

विषय: आपल्या परसातले कपडे.

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी पक्ष्यांची छायाचित्रं काढतो, हे आपण जाणताच. मुलाने मस्कतहून आणलेली लांब लेन्स माझ्या मागच्या खिडकीत लावलेली असते. दुर्दैव असं, की पक्षी माझ्या परसात येत नाहीत, कारण माझ्याकडे फरशी आहे. ते सगळे आपल्याकडे येतात. शिंपी, चष्मेवाला, बुलबुल, शिंजीर, सगळ्यांना आपली जास्वंद आणि आपला शेवगा. आणि नेमकं त्याच वेळी, सकाळी ऊन तिरपं असताना, आपण तारेवर चादरी वाळत घालता. नारायण पेठेतल्या चांदभाईंच्या स्टुडिओतून काल माझा रोल धुऊन आला. आपल्या निळ्या चौकड्यांच्या चादरीची त्यात उत्तम छायाचित्रं आहेत. एका चादरीच्या वर बुलबुलाचा तुरा दिसतो.

एप्रिलमध्ये छायाचित्रकार मंडळाची स्पर्धा आहे. गेली चार वर्षं मी भाग घेतो आणि चारही वर्षं मला 'उत्तेजनार्थ' देतात. माझं वय बासष्ट. या वयात उत्तेजन घेऊन मी काय करू? मला बक्षीस हवं आहे.

तरी स्पर्धेपर्यंत कपडे दुपारी वाळत घालावेत, ही विनंती.

आपला (केवळ शेजारी या अर्थाने),
श्रीनिवास मेहेंदळे


कोथरूड
८ फेब्रुवारी

श्रीनिवासराव मेहेंदळे यांस,
हमीदा अत्तारचा नमस्कार.

पत्र मिळालं. आपल्या फाटकापासून माझ्या फाटकापर्यंत यायला त्याला चार दिवस लागले. बजरंग पोस्टमन विचारत होता, "बाई, शेजारचे साहेब परगावी असतात का?" मी म्हटलं, इथेच असतात, स्वभावाने लांब राहतात.

टाकीविषयी माझे उद्गार असे होते: "मेहेंदळ्यांची टाकी रोज वाहते." ती आजही वाहते आहे. हे लिहिताना ऐकू येतंय.

चादरीचे चौकडे निळे नाहीत, जांभळे आहेत. ज्याला निळा-जांभळा कळत नाही त्याला उत्तेजनार्थ देतात, हे मंडळाचं औदार्य म्हणायचं. दुपारी तारेवर शेवग्याची सावली येते. मग कपडे काय तुमच्या लेन्सवर वाळत घालू? ती लांबीला पुरेशी आहे. गल्लीतल्या बायका मला विचारतात, "ते नळकांडं दिवसभर तुमच्या परसावर रोखून मेहेंदळेसाहेब बघतात तरी काय हो?" मी तुमची बाजू घेते. पक्षी, म्हणते. कोणाचा विश्वास बसत नाही.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं. विनंतिपत्र सातवीला असतं. तुमच्या पत्राला मी साताहून जास्त गुण दिले नसते, दहापैकी नव्हे, पंचवीसपैकी.

एक मात्र विचारायचं होतं. माझ्या तारेला मधोमध कोणीतरी कचरा लावतंय. कोळिष्टकं, वाळकी पानं, कागदाचे कपटे. दोनदा झाडूने काढला, आज पुन्हा आहे. तुमच्याकडून उडून येत असेल तर आवरा.

हमीदा अत्तार


१० फेब्रुवारी

हमीदाबाई,

झाडू खाली ठेवा!

तो कचरा नव्हे, शिंजिराचं घरटं आहे. घरटं मादी एकटी बांधते. ती मळकट पिवळी दिसते. नर काळा-निळा, उन्हात चकाकतो, आणि बांधकाम चालू असताना शेजारी बसून नुसता गातो. पूर्ण झालं की एक लांबट पिशवी तारेला लोंबेल. तिला बाजूने दार असतं आणि दारावर एवढासा छज्जा. आपण त्या बिचारीचं घर दोनदा पाडलंत! अहो, अतिक्रमण पाडायचं तरी आधी नोटीस देतात.

तारेला आता हात लावू नका. कपडे वाळत घालायला माझी गच्ची वापरा. जिना बाहेरून आहे, त्यामुळे बोलण्याचा प्रसंग येणार नाही. बक्षीस चालून आपल्या दारी आलंय. म्हणजे, आपल्या दारी पक्षी आणि माझ्या दारी बक्षीस.

श्री. मेहेंदळे


२८ फेब्रुवारी

श्रीनिवासराव,

गच्चीबद्दल आभार. माझे गुडघे जिना चढत नाहीत, म्हणून कपडे पुढच्या अंगणात घालते. त्यावर लगेच सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबर सबनीस यांची नोटीस आली: 'सोसायटीच्या दर्शनी भागास बाधा येत आहे.' मी उलट कळवलं, माझी तार बाळंतपणासाठी दिली आहे, बाळंतीण उठेपर्यंत दर्शनी भागाने दम धरावा.

ही तार आमच्या ह्यांनी खडकीला कारखान्यातल्या भंगाराच्या लिलावात घेतली होती. तुम्ही दोघं एकाच खात्यात, तुम्हाला त्यांचं बोलणं ठाऊकच आहे. "हिच्यावर रणगाडा वाळत घाल," म्हणायचे. जास्वंदही त्यांनीच लावली. ते गेल्यापासून दोन वर्षांत मी परसात कपडे घालण्यापुरती जायची आणि पाठ फिरवून आत यायची. तिथे बसावंसं वाटायचं नाही. आता सकाळचा चहा मी शेवग्याखाली पिते. कोणाशी तरी बोलत पिते, पण ते कोणाला सांगू नका.

तुमचा तो काळा-निळा बाहेरच्या बेसिनवरच्या आरशाशी भांडतो. सकाळभर समोरच्याला चोची मारतो आणि समोर कोणी नसतंच. मला आपली वार्षिक सभा आठवते.

घरटं पुरं झालं. जास्वंदीची एक फांदी वाकून बरोबर त्याच्या दारापुढे आली आहे. बाईने जागा बघून घेतली आहे हो. आता ती आत बसून असते, दारातून चोच तेवढी दिसते. अंडी असणार. मी लांबूनच बघते. तुम्हीही खिडकीतच राहा.

हमीदा अत्तार


१२ मार्च

हमीदाबाई यांस,
सप्रेम (होय, सप्रेम) न. वि. वि.

पिल्लं झाली! नर-मादी दोघं चारा आणताहेत. मी तीन रोल संपवले. चांदभाईंनी फोटो हातात दिले आणि विचारलं, "साहेब, या वर्षी जास्वंदीची स्पर्धा आहे का?"

ती फांदी, हमीदाबाई. माझ्या आणि बक्षिसाच्या मध्ये एवढी एक फांदी उभी आहे. मनगटाएवढी नाही, करंगळीएवढी आहे. ती आपण काढलीत तर घरट्याचं दार सरळ माझ्या लेन्ससमोर येतं. जास्वंद छाटल्यावर उलट जोमाने फुटते, कोणालाही विचारा. फोटो द्यायची शेवटची तारीख ३१ मार्च आहे. पाचव्यांदा उत्तेजनार्थ मिळालं तर सगळी प्रशस्तिपत्रकं रद्दीत घालीन, असं श्यामलाने, म्हणजे माझ्या पत्नीने, मला जेवताना सांगितलं आहे. वाढत होती, वाढता वाढता सांगितलं.

फक्त एक फांदी.

आपला,
श्रीनिवास मेहेंदळे


१५ मार्च

श्रीनिवासराव,

नाही.

उत्तर एवढंच आहे, पण आंतरदेशीय पत्राची जागा उरते आणि ती फुकट घालवायची मला सवय नाही.

ती फांदी नव्हे, बाळंतिणीच्या खोलीचा पडदा आहे. एक तर दुपारचं ऊन ती अडवते. दुसरं म्हणजे, आपल्या मधल्या भिंतीवरून रोज तो तांबड्या पंखांचा भारद्वाज येरझारा घालतो. दिसला की शुभशकुन म्हणून तुमच्या श्यामलाबाई हात जोडतात, मी बघते. जोडू देत. पण तो पिल्लं खातो. त्याला दार सापडत नाही म्हणून ही दोन पिल्लं जिवंत आहेत. तुमच्या लेन्सला जे दिसेल ते त्यालाही दिसेल, एवढं समजायला पक्षिमित्र असावं लागत नाही.

मी १८ तारखेला मिरजेला जाते. माझ्या भाचीचं, बिलकिसचं लग्न आहे. आठवडाभराने येईन. परसातली पाण्याची कुंडी तेवढी भिंतीवरून पाइप टाकून भरत जा. किल्ली देत नाही. "मेहेंदळ्याच्या भरवशावर घर उघडं टाकून जावं," असं हे म्हणायचे. मी घर बंद करून जाते, पण भरवसा तोच आहे.

मिरजेचा पत्ता मागे लिहिला आहे.

हमीदा अत्तार


२३ मार्च

हमीदाबाई यांस, मिरज मुक्कामी,
स. न. वि. वि.

कुंडी रोज भरतो आहे. लग्न थाटात पार पडलं असेलच.

कळवायचं म्हणजे, गुरुवारी इथे फार वारं सुटलं होतं. मार्च महिन्यात असं वारं मी पाहिलेलं नाही. दुर्दैवाने ती फांदी त्यात मोडली. मी खिडकीतून पाहिलं आणि हळहळलो. तथापि निसर्गाने दिलेली संधी दवडणं हाही निसर्गाचा अपमानच. फोटो मिळाला! दोन्ही पिल्लांच्या चोची उघड्या, समोर चारा. चांदभाईंनी फोटो दोनदा भिंगाखाली धरला आणि धुलाईचे पैसे घेतले नाहीत.

आपण सावकाश या. लग्नघरातून घाईने निघू नये. बाकी सर्व ठीक.

आपला,
श्रीनिवास


२८ मार्च

श्रीनिवासराव,

काल आले. घरटं खालून फाटलेलं आहे. आत काही नाही. फाटक्या कोळिष्टकाला एक पीस चिकटलं आहे, एवढंच.

नर आरशाकडे फिरकत नाही. मादी येते. चोचीत किडा धरून तारेवर बसते, इकडे बघते, तिकडे बघते. किडा कोणाला द्यायचा ते तिला समजत नाही. मग उडून जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा घेऊन येते. मी आज चहा आत बसून प्यायले. फार वाईट वाटलं हो, एवढ्याशा जिवांचं इतकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

तुम्ही 'बाकी सर्व ठीक' असं लिहिलंत. हे झालं कधी? आणि वाऱ्याने मोडलेली फांदी खाली पडलेली नाही. ती कुठे गेली?

हमीदा


१ एप्रिल

हमीदाबाई यांस,
स. न. वि. वि.

वाचून अतिशय वाईट वाटलं. परंतु जीवो जीवस्य जीवनम्. भारद्वाजालाही पोट आहे. आपण शिक्षिका, आपल्याला मी काय सांगावं! फांदी बहुधा झाडूवाल्याने नेली असावी.

फोटो मंडळात दिला. शीर्षक 'माउली'. खाली 'श्रीमती हमीदा अत्तार यांच्या परसातील छायाचित्र' असं ठळक लिहिलं आहे. श्रेय देण्यात मी कधी कसूर करत नाही.

आपला,
श्रीनिवास मेहेंदळे


१७ एप्रिल

पहिल्या बक्षिसाचे मानकरी श्रीनिवासराव मेहेंदळे यांस,

अभिनंदन. बातमी मला मंडळाच्या अध्यक्षांनी, जयसिंग घोरपड्यांनी, घरी येऊन सांगितली. त्यांच्याकडे पद्धत आहे म्हणे: पहिल्या बक्षिसाचा फोटो ज्याच्या जागेत काढला, त्याच्याच हातून बक्षीस द्यायचं. मागल्या वर्षी एका गोठेवाल्याला शाल दिली होती. तेव्हा रविवारी, २७ तारखेला, प्रमुख पाहुणी मी. श्रेय देण्यात तुम्ही कसूर केली असतीत तर बरं झालं असतं.

आधी बघून यावा म्हणून काल मंडळात जाऊन फोटो पाहिला. दाराएवढा मोठा केला आहे. पिल्लांच्या घशातला लाल रंगसुद्धा दिसतो. फोटो सुंदर आहे, श्रीनिवासराव. खोटं कशाला बोलू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घोरपड्यांना वाटलं, कलेमुळे आलं.

डोळे पुसल्यावर नीट दिसायला लागलं. तुमची ती 'माउली' काळी-निळी आहे आणि चकाकते आहे. तो बाप आहे. नर कसा दिसतो हे मला तुम्हीच शिकवलंत, आणि आपलाच धडा बक्षिसापुढे विसरलात. बापाचं नाव लावलं असतंत तर परीक्षकांना कढ आला नसता, हे मला समजतं. पण घरट्यामागे आभाळ दिसतं, म्हणजे फोटो खालून वर बघून काढला आहे. तुमच्या खिडकीतून, भिंतीवरून खाली बघताना, घरट्यामागे आभाळ कसं दिसेल? म्हणजे तुम्ही बासष्टाव्या वर्षी भिंत चढून माझ्या परसात उतरलात. आणि डाव्या कोपऱ्यात त्या फांदीचं राहिलेलं टोक आहे. काप तिरपा, स्वच्छ, पांढरा. वारा फांदी पिळून मोडतो, सालीसकट ओरबाडतो. हा वारा कात्री घेऊन आला होता. आणि कुलूप घातलेल्या परसातून फांदी नेणारा तुमचा झाडूवालाही बहुधा त्याच वाऱ्यावर बसून आला असेल.

तर आता भाषणात काय बोलू? शेजारी म्हणून आधी तुम्हाला विचारते.

हमीदा अत्तार


१९ एप्रिल

हमीदाबाई,

हे पत्र श्यामलाच्या नकळत लिहितो आहे.

मुलगा समारंभासाठी मस्कतहून रजा काढून येतोय. सबनीसांनी सोसायटीच्या फळ्यावर माझं नाव लिहिलंय. जन्मात पहिल्यांदा माझं नाव फळ्यावर थकबाकीशिवाय आलं आहे. आपण तिथे बोललात तर मी या गल्लीत तोंड कसं दाखवू?

पिल्लांचं वाईट माझ्या मनात नव्हतं. फांदी कापायला उतरलो, आणि उतरलोच आहे तर जवळून एक काढू, असं म्हटलं. एका फांदीने असं काय होणार, असं वाटलं. फोटो झाल्यावर ती सुतळीने परत बांधलीसुद्धा, खरं सांगतो. संध्याकाळपर्यंत पानांनी माना टाकल्या. दुसऱ्या दिवशी तो भारद्वाज आला. मी खिडकीतून ओरडलो, टाळ्या वाजवल्या, शेवटी चप्पल फेकली. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर ती वाळकी फांदी मीच काढून नेली. चप्पल अजून तुमच्या शेवग्यात आहे. श्यामला विचारते, एक चप्पल गेली कुठे? मी म्हणतो, कुत्र्याने नेली.

सोबत बजरंगच्या हाती हापूसची पेटी पाठवत आहे. दया करा.

श्रीनिवास


२१ एप्रिल

श्रीनिवासराव,

पेटी परत पाठवली आहे. दोन आंबे बजरंगला दिले, कारण येता-जाता ओझं त्याने वाहिलं. तो पोस्टमन आहे, तुमचा हमाल नव्हे.

चप्पल मी पाहिली होती. मला वाटलं, शेवग्याला दृष्ट लागू नये म्हणून कोणी बांधली.

घाबरू नका. मी कोणाचा पाणउतारा करायला व्यासपीठावर जात नाही. आमच्या ह्यांच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांत तुम्ही पहिले होतात, ते मी टाकीपायी विसरले नाही आणि फांदीपायीही विसरणार नाही. मी फक्त एक सूचना मांडणार आहे: यापुढे मंडळाच्या स्पर्धेत घरट्यांचे फोटो घेऊ नयेत. सूचनेला अनुमोदक लागतो. आपल्याकडे अनुमोदकाशिवाय सभेत चहासुद्धा होत नाही. मी तुमचं नाव पुकारीन. तुम्ही उठायचं, 'अनुमोदन' म्हणायचं आणि खाली बसायचं. एक शब्द.

नाही उठलात तरी मी काही बोलणार नाही. कप हातात देईन, टाळ्या वाजवीन, घरी येईन. पण मग आपल्या घरांत बोलण्याबरोबर पत्रंही बंद.

हमीदा अत्तार


२३ एप्रिल

हमीदाबाई,

उठेन. एक शब्द. त्याहून जास्त माझ्याच्याने होणार नाही.

श्री. मे.


२९ एप्रिल

श्रीमती हमीदाबाई यांस,
न. वि. वि.

कप काल घोरपड्यांच्या घरी नेऊन दिला. ते घरी नव्हते. त्यांच्या सूनबाईंनी घेतला आणि विचारलं, "कल्हईला द्यायचा आहे का?"

मुलगा माझ्याशी बोलत नाही. म्हणतो, एवढं सांगायचंच होतं तर रजा घेण्याआधी सांगायचं. सबनीसांनी फळा पुसला. श्यामला मात्र बोलते. ती चार उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रकं चौकटी करायला घेऊन गेली आहे. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, ती तुमची खरी आहेत.

लेन्स विकायला काढली आहे, चांदभाई गिऱ्हाईक बघताहेत. मागची खिडकी कायमची बंद केली. आपल्याला यापुढे माझा त्रास होणार नाही.

श्रीनिवास मेहेंदळे


२ मे

श्रीनिवासराव,
सप्रेम नमस्कार.

रविवारी तुम्ही काय केलंत ते तुम्हाला आठवतं की नाही कोण जाणे, तुमचे डोळे गच्च मिटलेले होते. मी समोर होते, म्हणून सांगते.

मी नाव पुकारलं. तुम्ही उठलात, 'अनुमोदन' म्हणालात आणि खाली बसायला लागलात. ठरल्याप्रमाणे झालं होतं. पण पुण्यातल्या सभेत शेवटच्या रांगेत एक गृहस्थ असतोच, ज्याला घरी कोणी बोलू देत नाही. तो उठला आणि म्हणाला, "ज्यांना घरट्याच्या फोटोसाठी बक्षीस मिळालं, तेच अनुमोदन देतात, यामागची भूमिका समजेल का?" हे माझ्या हिशेबात नव्हतं. तुम्हाला सांभाळून घ्यायला मी ध्वनिक्षेपक पुढे ओढला. "भूमिका माझी आहे," असं म्हणणार होते. तेवढ्यात तुम्ही अर्धे बसलेले पुन्हा उभे राहिलात.

"फांदी मी कापली," म्हणालात. "मैनुद्दीनच्या परसात भिंतीवरून उतरून कापली. दुसऱ्या दिवशी पिल्लं गेली. आणि फोटोत आहे तो बाप आहे, माउली नव्हे."

ह्यांचं नाव दोन वर्षांनी कोणाच्या तोंडून असं हक्काने ऐकलं. तुमच्या मुलाने मान खाली घातली. श्यामलाबाईंनी घातली नाही, त्या तुमच्याकडे बघत होत्या. आणि तो शेवटच्या रांगेतला म्हणतो, "म्हणजे शीर्षकही चुकलंय!" अशा माणसांना मरणसुद्धा शंका विचारूनच येतं.

मी तुमच्याकडून एक शब्द मागितला होता. बाकीचे तुम्ही आपले दिलेत. तुमच्या सगळ्या पत्रांत मिळून इतकं सरळ मराठी मी वाचलं नव्हतं. घरी येऊन मी रडले, आणि या वेळी ते कलेमुळे नव्हतं.

आता कामाचं. मादी परत आली आहे. त्याच तारेला, त्याच जागी, कचरा लावायला सुरुवात झाली आहे. या वेळी दार तिने पुन्हा तिकडेच ठेवलंय, आणि पुढे फांदी नाही. वैशाखाचं ऊन आहे आणि तो शुभशकुन भिंतीवर हजर आहे. पडदा हवा. तुम्ही कारखान्यात न्यायचा ती काळी छत्री घेऊन या. काठीला बांधून घरट्याच्या आणि तुमच्या खिडकीच्या मध्ये उभी करायची. अंडी घालायच्या आत केली म्हणजे तिला सवय होईल. माझा हात पोचत नाही, तुम्हीच बांधा. बांधल्यावर तुमच्या खिडकीतून काही म्हणजे काही दिसणार नाही, अशी बांधा. खिडकी मात्र उघडी ठेवा. तो भारद्वाज आला की ओरडायला आणि टाळ्या वाजवायला माणूस लागेल, आणि तुम्हाला सराव आहे. लेन्स विकू नका. पिल्लं उडून शेवग्यावर बसली की मग काढा हवे तेवढे फोटो. मला उत्तेजनार्थ चालेल.

चादरी पुढेच वाळताहेत. सबनीसांची तिसरी नोटीस आली आहे. तिला उत्तर तुम्ही लिहा, ती भाषा तुम्हाला येते.

तुमची टाकी दोन दिवस वाहिली नाही. प्रकृती बरी आहे ना?

उद्या चार वाजता या. झाडू मी माळ्यावर टाकणार होते, पण त्याआधी त्याच्या दांड्याने शेवग्यातली तुमची चप्पल काढली. ती पायरीशी ठेवली आहे. या वेळी फाटकातून या, मी उघडं ठेवते.

हमीदा